सॉफ्टवेअर सिंथेसायझरमधील एलएफओ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लातूरमधील एका छोट्या खोलीत भक्तिगीते, गोंधळगीते आणि स्थानिक नाटकांचे पार्श्वसंगीत तयार करण्याचे काम मी करतो. धाराशिव, बीड, परभणी, नांदेड येथून शिकण्यासाठी येणारी मुले सिंथेसायझरविषयी जे विचारतात, त्यातील निम्म्याहून अधिक प्रश्न फिरून एलएफओपाशी, म्हणजे लो फ्रिक्वेन्सी ऑसिलेटरपाशी येतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. क्रम पाठ्यपुस्तकाचा नाही. प्रश्न जसे येतात तसेच ठेवले आहेत.

एलएफओ म्हणजे नेमके काय?

सिंथेसायझरमधील साधा ऑसिलेटर ध्वनिलहर निर्माण करतो आणि ती आपल्याला ऐकू येते. एलएफओ हाही ऑसिलेटरच असतो. परंतु त्याची लहर इतकी मंद असते की ती ध्वनी म्हणून ऐकू येत नाही. माणसाच्या कानाची खालची मर्यादा साधारण 20 हर्ट्झ मानली जाते आणि एलएफओ बहुतेक वेळा तिच्या खालीच चालतो. त्याचे काम स्वतः वाजण्याचे नसून दुसरा एखादा नॉब सतत मागेपुढे फिरवत राहण्याचे आहे. पिचचा, म्हणजे स्वराच्या उंचीचा, नॉब फिरवला तर कंप मिळतो, आवाजाच्या पातळीचा फिरवला तर ट्रेमोलो मिळतो, फिल्टरच्या कटऑफचा (ज्या कंपनसंख्येपासून फिल्टर आवाज कापतो तिचा) फिरवला तर आवाज उघडमीट करू लागतो.

ज्यांनी पेटी वाजवली आहे त्यांना हे लवकर कळते. काही हार्मोनियमना ट्रेमोलोचा खटका असतो; तो ओढला की हवेच्या वाटेवरचे एक झडप हलू लागते आणि स्वर थरथरतो. झडप स्वतः वाजत नाही, वाजणाऱ्या स्वराला हलवते. एलएफओचे काम हेच आहे. फरक इतकाच की झडपेचा वेग भात्याच्या हवेवर अवलंबून असतो आणि येथे तो आपण ठरवतो.

1970 मध्ये आलेल्या मिनीमूग या सिंथेसायझरमध्ये वेगळा एलएफओ नव्हता. त्यातील तिसरा ऑसिलेटर अतिमंद गतीवर नेऊन तोच मॉड्युलेशनसाठी, म्हणजे दुसरे नॉब हलवण्यासाठी, वापरावा लागे, आणि मग वाजवायला दोनच ऑसिलेटर उरत. आजच्या सॉफ्टवेअरमध्ये सहा-सहा, आठ-आठ एलएफओ फुकट मिळतात. माझ्या मते नवशिक्याची पहिली अडचण या सुबत्तेतूनच सुरू होते, कारण जे उपलब्ध आहे ते सगळे जोडून पाहण्याचा मोह आवरत नाही.

एन्व्हलप आणि एलएफओ यांत फरक कोणता?

एन्व्हलप म्हणजे आवाजाची चढ-उतार ठरवणारा भाग; तो पट्टी दाबल्यावर एकदाच आपला प्रवास करतो आणि पट्टी सोडल्यावर संपतो. एलएफओ तोच फेरा पुन्हा पुन्हा घालतो. आजच्या अनेक प्लगिनमध्ये (संगीताच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडायच्या वाद्यांत) एलएफओला 'एकदाच चाल' अशी सोय असते आणि एन्व्हलपला फेऱ्या घालण्याची, त्यामुळे ही सीमारेषा आता पुसट झाली आहे.

साइन, ट्रँगल, सॉ, स्क्वेअर यांपैकी कोणता आकार कुठे वापरावा?

साइन लहर दोन्ही टोकांवर रेंगाळते आणि मधून झपकन जाते. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसल्यावर अगदी वर आणि अगदी खाली उंची फारशी बदलत नाही, परंतु मधल्या भागात पोटात गोळा येतो. तशीच ही चाल आहे. ट्रँगल सर्वत्र सारख्या गतीने चढते-उतरते. मंद फिल्टरसाठी मला ट्रँगल अधिक पसंत पडते, कारण साइनने फिल्टर फिरवला की दोन टोकांना आवाज थांबल्यासारखा वाटतो. स्वराच्या कंपासाठी मात्र साइनच नैसर्गिक वाटते.

सॉ लहर एका दिशेने हळूहळू जाते आणि एकदम मूळ जागी परतते. उतरती सॉ आवाजाच्या पातळीवर जोडली की प्रत्येक फेरीला ठोका मिळतो आणि तो विरत जातो, म्हणजे सलग स्वरातून तालवाद्यासारखा ठेका काढता येतो. चढती सॉ जोडली तर उलट फिरवलेल्या टेपसारखा परिणाम येतो.

स्क्वेअर लहरीला दोनच जागा माहीत असतात. ती पिचवर लावताना एक गोष्ट हमखास चुकते. एलएफओ द्विध्रुवी असेल, म्हणजे मधल्या रेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे जात असेल, तर वाजवलेला मूळ स्वर एकदाही ऐकू येत नाही. त्याच्या वरचा आणि खालचा असे दोनच स्वर आलटून पालटून येतात. षड्ज दाबला असताना षड्ज गायब का, असे विचारणारे फोन मला आलेले आहेत. एलएफओ एकध्रुवी, म्हणजे रेषेच्या एकाच बाजूला जाणारा, करा, खोली (तो नॉब किती हलवतो ते माप) 200 सेंट ठेवा (100 सेंट म्हणजे एक सेमिटोन, अर्धस्वर), म्हणजे षड्ज आणि शुद्ध रिषभ यांची अदलाबदल मिळेल. 100 सेंट ठेवली तर कोमल रिषभ मिळेल.

याशिवाय 'सँपल अँड होल्ड' नावाचा आकार असतो. तो ठरावीक अंतराने कोणतीही एक किंमत उचलतो आणि पुढच्या वेळेपर्यंत धरून ठेवतो. त्याचा खरा उपयोग खाली हलगीच्या प्रश्नात आला आहे.

माझा कंप कृत्रिम का वाटतो? गायकासारखा का येत नाही?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

पहिले कारण असे की कंप पट्टी दाबताक्षणी सुरू होतो. गाणारा माणूस आधी स्वर लावतो, तो स्थिर करतो, आणि मग त्याला हलवतो. एलएफओला 'डिले' आणि 'फेड' असे दोन नॉब असतात आणि मी तपासलेल्या बहुतेक प्रोजेक्टमध्ये ते शून्यावर पडून असतात. डिले 300 ते 400 मिलिसेकंद आणि फेड त्याहून थोडा अधिक ठेवून पाहावा. वेग आणि खोली तीच असूनही आवाज निराळा वाटू लागतो. या दोन नॉबमुळे जेवढा फरक पडतो तेवढा लहरीचा आकार बदलून पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुसरे कारण खोलीचे आहे. पाश्चात्त्य शास्त्रीय गायनातील कंप साधारणपणे सेकंदाला 5 ते 7 फेऱ्यांचा असतो, म्हणून 5.5 हर्ट्झ ही सुरुवातीसाठी चांगली जागा आहे. खोलीच्या बाबतीत मात्र लोक नॉब अर्ध्यावर नेऊन सोडतात. सिंथेसायझरच्या एकट्या स्वराला दोन्ही बाजूंना 10 ते 20 सेंट पुष्कळ होतात. एक सोपी रीत सांगतो : कंप स्पष्ट ऐकू येईपर्यंत नॉब वाढवा आणि मग तो निम्म्यावर आणा. एकटा ऐकताना तो कमी वाटेल. पखवाज, टाळ आणि पेटी यांच्यासोबत तो पुरेसा असतो.

तिसरे कारण अधिक खोलवरचे आहे. आपल्याकडे कान ज्या हालचालीला सरावले आहेत ती मुळात हा कंप नाहीच. दरबारी कानड्याच्या कोमल गंधाराचे किंवा भैरवाच्या कोमल रिषभाचे आंदोलन संथ असते आणि ते मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे झुलत नाही. दरबारीचा गंधार रिषभाच्या बाजूने वर येतो, आपल्या जागी विसावतो आणि पुन्हा खाली झुकतो. त्याच्या ठिकाणी 5.5 हर्ट्झची साइन लावली तर दरबारी राहत नाही, ऑर्गन होतो. ज्या प्लगिनमध्ये एलएफओचा आकार हाताने काढता येतो तेथे असा प्रयत्न करावा : एलएफओ एकध्रुवी ठेवून फक्त खालच्या दिशेने जोडावा, एक फेरी सुमारे एका सेकंदाची घ्यावी, वर येणारी रेषा मऊ वळणाची काढावी, वरच्या टोकाला थोडे सपाट मैदान ठेवावे, आणि उतरणारी रेषा चढणाऱ्या रेषेपेक्षा वेगळी ठेवावी. तरीही प्रत्येक फेरी सारखीच येईल, आणि कोणताही गायक दोन आंदोलने सारखी घेत नाही. म्हणून खोलीचा ताबा मॉड व्हीलकडे (कीबोर्डच्या डावीकडील चाकाकडे) द्यावा, म्हणजे एलएफओ पिचला जोडलेला असेल परंतु तो किती हलवेल हे डाव्या हाताचे बोट ठरवेल. सिंथेसायझरवर आंदोलनाच्या जवळ जायचे असेल तर या रीतीने जाता येते. मींड मात्र एलएफओचे काम नव्हे, त्यासाठी स्वर हाताने सरकवणारा पिच बेंडच वापरावा.

एलएफओचा वेग तालाशी लावावा की हर्ट्झमध्ये?

हालचाल ठेक्याचा भाग असेल तर तालाशी बांधावी, स्वराचा गुण असेल तर हर्ट्झमध्ये ठेवावी. कंप तालाशी बांधला की तो यांत्रिक होतो. फिल्टरची ठेक्यावरची उघडमीट मोकळी सोडली की ती दोन आवर्तनांत घसरते.

हिशोब सोपा आहे. गाण्याची गती मिनिटाला 96 ठोक्यांची असेल तर 96 भागिले 60, म्हणजे एका ठोक्याला 1.6 हर्ट्झ. अर्ध्या ठोक्याला 3.2 हर्ट्झ, चार ठोक्यांच्या एका बारला 0.4 हर्ट्झ, म्हणजे अडीच सेकंदांची एक फेरी. सॉफ्टवेअर हे स्वतः करते, परंतु ते चार-चारच्या मापात विचार करते आणि आपली निम्मी गाणी त्या मापात नसतात.

केहरवा आणि भजनी ठेका आठ मात्रांचे असल्यामुळे तेथे अडचण येत नाही; चार ठोक्यांची फेरी आवर्तनात बरोबर दोनदा बसते. दादरा सहा मात्रांचा आहे. एक मात्रा म्हणजे एक ठोका धरला आणि एलएफओवर एका बारची, म्हणजे चार ठोक्यांची फेरी निवडली, तर ती समेवर परत यायला 12 मात्रा लागतात. परिणामी एका आवर्तनात फिल्टर समेवर उघडतो आणि पुढच्या आवर्तनात त्याच समेवर मध्येच कुठेतरी असतो. ऐकणाऱ्याला नेमके काय चुकते ते सांगता येत नाही, परंतु गाणे लंगडते. अशा वेळी बिंदू लावलेला अर्धा स्वर, म्हणजे तीन ठोक्यांची फेरी निवडावी; ती दादऱ्याच्या दोन्ही भागांवर बरोबर बसते. दोन ठोक्यांची फेरीही चालते, कारण सहा मात्रांत तिच्या पूर्ण तीन फेऱ्या होतात आणि दादऱ्याच्या तीन-तीनच्या विभागणीवर दोन-दोनची एक गमतीची आड चाल मिळते.

रूपक सात मात्रांचा. तेथे चार ठोक्यांची फेरी 28 मात्रांनी, म्हणजे चार आवर्तनांनी समेवर येते. हे मुद्दाम केले तर सुंदर वाटते. नकळत झाले तर चूक वाटते.

आणखी एक गोष्ट. कीर्तनाच्या किंवा गोंधळाच्या प्रत्यक्ष कार्यक्रमाचे रेकॉर्डिंग घेऊन त्यावर सिंथेसायझर चढवायचा असेल, तर तालाशी बांधलेला एलएफओ वापरू नये. रंगत चढते तसा संबळवाल्याचा हात पुढे जातो आणि त्याने क्लिक (लय दाखवणारी टकटक) ऐकलेली नसते. तेथे आधी त्या रेकॉर्डिंगवरून गतीचा नकाशा तयार करावा, किंवा सरळ हाताने ऑटोमेशन (नॉब कधी किती फिरावा याची रेषा) काढावे.

'रीट्रिगर' आणि 'फ्री' यांत काय निवडावे?

रीट्रिगर केलेला एलएफओ प्रत्येक नव्या स्वराला आपल्या फेरीच्या सुरुवातीपासून निघतो. फ्री एलएफओ प्रोजेक्ट उघडल्यापासून आपल्याच नादात फिरत असतो आणि स्वर आला की त्या क्षणी जिथे असेल तिथून लागू होतो. पॅड, सूर धरणारे आवाज आणि पार्श्वभूमीचे थर यांना फ्री शोभतो. बेस, ठेका आणि प्रत्येक वेळी सारखाच यावा असा कोणताही आवाज यांना रीट्रिगर लागतो.

एकदा एका गोंधळगीतासाठी तुणतुण्याखाली मी फिल्टर फिरणारा एक थर ठेवला होता आणि त्याचा एलएफओ फ्री होता. गाणे मान्य झाले. केवळ गायकाच्या नावाचा उच्चार सुधारून तेच गाणे मी पुन्हा निर्यात केले. दुसऱ्या दिवशी निर्मात्यांचा फोन आला : "पहिल्या कडव्याआधीचा तो उघडणारा आवाज काढून का टाकला?" मी काहीच काढले नव्हते. पहिल्या निर्यातीत त्या जागी फेरी वर होती, दुसऱ्यात खाली. तेव्हापासून अंतिम निर्यातीआधी प्रत्येक फ्री एलएफओकडे मी एकदा संशयाने पाहतो.

पॉलीफोनिक, म्हणजे एका वेळी अनेक स्वर वाजवणाऱ्या, आवाजात आणखी एक निवड असते : सगळ्या स्वरांना मिळून एक एलएफओ, की प्रत्येक स्वराला त्याचा स्वतःचा. सर्ज एक्सटी या सॉफ्टवेअर सिंथेसायझरमध्ये ही विभागणी उघडच दिसते. प्रत्येक सीनमध्ये (आवाजाच्या एकेका थरात) सहा व्हॉइस एलएफओ (प्रत्येक स्वराला वेगळे) आणि सहा सीन एलएफओ (सगळ्यांना मिळून) असतात. कोरससारखा समूहाचा आभास हवा असेल तर प्रत्येक स्वराचा एलएफओ वेगळा ठेवावा, कारण चार माणसे एकाच वेळी एकाच दिशेने थरथरत नाहीत.

दोन ऑसिलेटर किंचित बेसूर केले तरी आवाज हलतो. मग एलएफओ कशाला?

हलतो हे खरे. दोन जवळच्या कंपनसंख्या एकत्र आल्या की त्यांच्या फरकाइतके डोल सेकंदाला ऐकू येतात. 440 आणि 441 हर्ट्झ यांचा डोल सेकंदाला एक. दुहेरी सुरांच्या पेटीतील गोडव्यामागे हेच कारण असते.

फरक असा की बेसूरपणा सेंटमध्ये ठरवलेला असेल तर सप्तक बदलले की डोलाचा वेग बदलतो. 440 हर्ट्झवर 5 सेंटचा फरक म्हणजे सुमारे 1.27 हर्ट्झ, त्याच्या वरच्या सप्तकात तोच फरक 2.54 हर्ट्झ होतो आणि खालच्या सप्तकात निम्म्यावर येतो. त्यामुळे तार सप्तकात आवाज अस्वस्थ आणि मंद्रात झोपाळू वाटतो. एलएफओचा वेग सर्व सप्तकांत तोच राहतो. मला दोन्ही थोडे थोडे आवडतात : डिट्यून 4-5 सेंटचे आणि त्यावर अगदी उथळ, 0.3 हर्ट्झच्या आसपासचा एलएफओ.

हेडफोनमध्ये आवाज छान फिरतो. जत्रेच्या स्पीकरवर काहीच ऐकू येत नाही. असे का?

कारण तेथे स्टिरिओ नसतो. गावच्या जत्रेत, सप्ताहात, मंदिराच्या कळसाखाली बांधलेल्या कर्ण्यांवर डावी आणि उजवी वाहिनी एकत्र करूनच आवाज जातो. पुष्कळ स्वस्त मोबाईलही एकाच स्पीकरवर वाजतात.

आता पॅनवर, म्हणजे आवाज डावी-उजवीकडे नेणाऱ्या नॉबवर, लावलेल्या एलएफओचे काय होते ते पाहावे. आवाज डावीकडे जातो तेव्हा डावी पातळी वाढते आणि उजवी घटते. दोन्हींची बेरीज केली की वाढ आणि घट एकमेकींना बरीचशी खाऊन टाकतात. पॅनचा नियम सरळ रेषेचा असेल तर बेरीज अगदी स्थिर राहते, म्हणजे तास-दीड तास बसून घडवलेली हालचाल संपूर्ण नाहीशी होते. म्हणून ज्या हालचालीवर गाणे उभे आहे ती पॅनवर ठेवू नये. ती फिल्टरवर किंवा आवाजाच्या पातळीवर ठेवावी आणि पॅनची हालचाल वरून शोभेपुरती घालावी.

कर्ण्याची दुसरी मर्यादा अशी की तो खालचे स्वर नीट वाजवूच शकत नाही. मिरवणुकीच्या गाण्यातील डुलणारा बेस 50-60 हर्ट्झच्या साइनवर रचलेला असेल तर डीजेच्या भिंतीवर तो छाती हलवतो आणि कर्ण्यावर शांतता पसरते. त्याच बेसला सॉ लहरीचा एक थर द्यावा आणि एलएफओने त्या थराचा लो-पास कटऑफ सुमारे 200 ते 1500 हर्ट्झच्या दरम्यान फिरवावा. डोल मग मधल्या पट्ट्यात ऐकू येतो आणि छोट्या स्पीकरवरही टिकतो. फिल्टरची हालचाल सेमिटोनमध्ये मोजणारी प्लगिने येथे सोयीची पडतात, कारण कानाला वरचा आणि खालचा प्रवास सारखा वाटतो.

मिक्स तपासताना मास्टरवरचे मोनोचे बटण दाबावे आणि एलएफओ कोठे मेला ते ऐकावे. यासाठी जत्रेची वाट पाहू नये.

एलएफओ 20 हर्ट्झच्या वर नेला तर काय होते?

लहानपणी पंख्यापुढे तोंड धरून 'आऽऽ' केले नसेल असा माणूस मराठवाड्यात सापडणे कठीण आहे. उन्हाळ्यात दुसरा उद्योगच नसतो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला 300 फेऱ्या घेत असेल तर पाती सेकंदाला 15 वेळा समोरून जातात आणि आवाज तुटक तुटक, मोजता येईल असा थरथरतो. मिनिटाला 1200 फेऱ्यांचा टेबलफॅन असेल तर तीच संख्या 60 होते. आता तुटकपणा मोजता येत नाही, आवाजच खरखरीत, यंत्रमानवासारखा होतो. हालचाल म्हणून ऐकू येणारी गोष्ट पोत म्हणून ऐकू येऊ लागते.

गणिताने पाहिले तर 440 हर्ट्झच्या स्वराची पातळी 60 हर्ट्झने हलवली की मूळ स्वराशेजारी 380 आणि 500 हर्ट्झ असे दोन नवे स्वर उगवतात. पिच हलवला तर अशा शेजाऱ्यांची रांगच लागते, दोन्ही बाजूंना 60-60 च्या अंतराने, आणि खोली वाढवावी तशी ती रांग लांबते.

याच वाटेवर जॉन चाउनिंग यांना 1967 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात संगणकावर काम करताना एफएम संश्लेषणाचा (एका लहरीने दुसरीचा पिच वेगाने हलवून नवे रंग घडवण्याच्या तंत्राचा) शोध लागला. ते कंपाचा वेग आणि खोली वाढवत नेत होते. एका टप्प्यानंतर स्वर हलताना ऐकू येईना, त्याचा रंगच बदलला. त्यांचा शोधनिबंध 1973 मध्ये प्रसिद्ध झाला, यामाहाने त्या तंत्राचा परवाना घेतला आणि 1983 मध्ये डीएक्स 7 बाजारात आला. त्याच तंत्रावरचे पुढचे कीबोर्ड ऑर्केस्ट्रांतून वाजले.

सॉफ्टवेअरमध्ये हे करताना दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. सर्व प्लगिने एलएफओची किंमत प्रत्येक नमुन्याला (डिजिटल आवाजाच्या एकेका मोजलेल्या बिंदूला) मोजत नाहीत. काही ठिकाणी ती, उदाहरणार्थ, 32 नमुन्यांमागे एकदा मोजली जाते, म्हणजे 44,100 च्या नमुनादराला सेकंदाला सुमारे 1378 वेळा. मंद हालचालीला हे भरपूर आहे; 200 हर्ट्झच्या एलएफओला मात्र फेरीमागे जेमतेम सात पायऱ्या मिळतात आणि आवाज घाणेरडा होतो. दुसरे असे की एलएफओचा वेग स्वराबरोबर वर-खाली जाण्याची सोय नसेल तर प्रत्येक पट्टीवर वेगळा, बहुधा बेसूर रंग येतो. त्यामुळे एवढ्या वेगासाठी एलएफओ ताणत बसण्याऐवजी प्लगिनमधील एफएमची सोय वापरलेली बरी.

हलगी आणि संबळाचे सँपल (ध्वनिमुद्रित ठोके) एकसारखे ठोकल्यासारखे वाटतात. एलएफओ काही करू शकतो का?

होय, आणि हा त्याचा सर्वांत दुर्लक्षित उपयोग आहे. सँपल अँड होल्ड निवडा, प्रत्येक स्वराला नवी किंमत घेईल असा रीट्रिगर ठेवा, आणि तो तीन ठिकाणी अगदी थोडा जोडा : पिचला 5 ते 8 सेंट, फिल्टरच्या कटऑफला दोन-तीन सेमिटोन, आणि सँपलच्या सुरुवातीच्या जागेला काही मिलिसेकंद. हलगी शेकोटीवर तापवून चढवतात आणि ती थंड होत जाते तशी उतरते, हे ज्याला माहीत आहे त्याने याच्या जोडीला आणखी एक अतिशय मंद, एकाच दिशेने जाणारा एलएफओ पिचला लावून पाहावा. काही मिनिटांच्या गाण्यात 15-20 सेंटची उतरण कोणाला कळत नाही, परंतु सगळे खरे वाटू लागते. अर्थात खरा हलगीवाला मिळत असेल तर त्याला बोलवावे.

सूर धरणारा थर निर्जीव वाटतो; एलएफओ किती लावावेत?

दोन किंवा तीन, आणि त्यांचे वेग एकमेकांच्या पटीत नसावेत. 0.1 आणि 0.2 हर्ट्झ घेतले तर दर 10 सेकंदांनी तीच गोष्ट परत येते. 0.11 आणि 0.17 घेतले तर पूर्ण पुनरावृत्तीला 100 सेकंद लागतात. एक वेव्हटेबलच्या (लहरींच्या साठवलेल्या मालिकेच्या) जागेला, एक फिल्टरला, आणि हवा असेल तर तिसरा पहिल्याच्या वेगाला जोडावा. पिचला मात्र काहीही जोडू नये, कारण त्या थरावर गायक आपला षड्ज लावणार असतो.

एलएफओ लावला की टकटक किंवा खरखर का येते?

स्क्वेअर किंवा सॉ लहर आवाजाची पातळी क्षणात बदलते आणि त्या उडीचा खटका ऐकू येतो. 'स्मूद' नावाचा नॉब असेल तर तो थोडा वाढवावा. नसेल तर हाताने आकार काढून कोपरे गोल करावेत. पाच मिलिसेकंदांचा उतारही पुरतो.

सुरुवातीला कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

चोरीचे प्लगिन उतरवण्याची आता गरज उरलेली नाही. मॅट टायटेल यांचा व्हायटल 2020 मध्ये आला. त्याची मूळ आवृत्ती विनामूल्य आहे, एलएफओचा आकार हाताने काढता येतो आणि जोडलेला प्रत्येक नॉब पडद्यावर हलताना दिसतो, म्हणून शिकण्यासाठी मी तोच सुचवतो. सर्ज हे क्लेस योहान्सन यांचे सॉफ्टवेअर 2018 मध्ये मुक्त स्रोत झाले आणि त्याची सर्ज एक्सटी ही आवृत्ती पूर्णतः विनामूल्य आहे. ते दिसायला थोडे रूक्ष आहे, जुन्या लॅपटॉपवर मात्र मला अधिक हलके वाटते.

आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे प्रीसेट लगेच जतन करावा. अकरा जोडण्यांचा एक आवाज मी गणेशोत्सवाच्या आदल्या रात्री असाच गमावला आहे आणि तो पुन्हा जमला नाही.

प्रोजेक्ट दुसऱ्या स्टुडिओत मिक्ससाठी पाठवताना काय काळजी घ्यावी?

एलएफओ असलेला प्रत्येक ट्रॅक ऑडिओ करून पाठवावा. समोरच्याकडे त्याच प्लगिनची तीच आवृत्ती असली तरी फ्री आणि यादृच्छिक एलएफओ तेथे वेगळे वाजतील. सर्व फाइल एकाच बिंदूपासून, पहिल्या बारच्या आरंभापासून, 24 बिट डब्ल्यूएव्हीमध्ये निर्यात कराव्यात आणि गाण्याची गती फाइलच्या नावातच लिहावी, म्हणजे त्यांना डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) किंवा आणखी एखादा एलएफओ तालाशी लावायचा असल्यास विचारण्यासाठी फोन करावा लागत नाही. मूळ प्रीसेट वेगळ्या फोल्डरमध्ये सोबत द्यावेत. आवाज बदलून हवा असेल तर ते मागतातच.